गाडीचे ऑईल घरी बदलताना
(न्यासाच्या महोत्सवी सभेत दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



शाळामास्तराला व्यासपीठावर उभे केले की तो शिस्त, सदाचार किंवा वाचनाची गोडी यांवर बोलणार, अशी श्रोत्यांची समजूत असते आणि बहुधा ती खरी ठरते. आज मात्र मी आपल्यापुढे मोटारीच्या पोटातल्या तेलाचा विषय घेऊन उभा आहे. आपल्यापैकी पुष्कळांच्या दारी आता चारचाकी असते. कोणाची जुनी मारुती असेल, कोणाची बोलेरो. काही कुटुंबांचा तर चरितार्थच तिच्यावर चालतो. तिचे ऑईल आणि फिल्टर घरच्या अंगणात बदलणे हे काही मोठे विद्वत्तेचे काम नव्हे. पण त्यात दोन जागा अशा आहेत की तिथे झालेली हयगय भारी पडते. एक गाडीखाली शिरताना, आणि दुसरी, काम संपले असे आपल्याला वाटते त्यानंतर. म्हणून या दोहोंविषयी मी जरा विस्ताराने बोलेन. बाकीचे आटोपशीर सांगेन.

आपल्याकडचे जुने लोक बंडी जुंपण्यापूर्वी आसाला ओंगण देत असत. ओंगण संपले की चाक कुरकुरू लागे आणि गाडीवानाला न सांगताच कळे. मोटारीचे इंजिन असे सांगत नाही, हीच अडचण. मिनिटाला तीन हजार फेरे घेणाऱ्या इंजिनात प्रत्येक दट्ट्या सेकंदाला शंभर वेळा दिशा बदलतो. लोखंड लोखंडावर घासू नये म्हणून मध्ये तेलाचा एक पापुद्रा असतो, केसाहूनही पातळ. तो पापुद्रा राखणे हे तेलाचे पहिले काम. शिवाय आतली उष्णता वाहून नेणे, मळ अंगावर घेणे आणि दट्ट्याच्या कडेची फट बुजवणे, हीही कामे तेच करते. आमच्या नववीच्या मुलाला घर्षणाची व्याख्या तोंडपाठ असते, परंतु बॉनेट उघडून डिपस्टिक कोणती ते दाखव म्हटले तर तो इकडेतिकडे पाहतो. याचा दोष मुलाला देऊन चालणार नाही.

गंमत म्हणजे हे ओंगण आणि मोटारीचे ऑईल अगदीच परके नाहीत. १८९९ साली चार्ल्स वेकफील्ड यांनी इंग्लंडात तेलाची कंपनी काढली आणि १९०९ साली आपल्या नव्या तेलात एरंडेल मिसळून त्याला कॅस्ट्रॉल हे नाव दिले. एरंडेलाच्या इंग्रजी नावावरूनच ते आले. फिल्टर त्यानंतरचा. अर्नेस्ट स्वीटलंड यांनी तो अमेरिकेत १९२३ साली काढला. त्याआधी तेल गाळण्याची नीट सोय नसल्यामुळे ते फार लवकर बदलावे लागे.

आता ऑईल केव्हा बदलावे? गाडीबरोबर आलेल्या पुस्तिकेत लिहिलेले असते. गाडीप्रमाणे पाच हजार, दहा हजार किलोमीटर, किंवा एक वर्ष, यांपैकी जे आधी येईल ते. ‘किंवा एक वर्ष’ हे शब्द लोक वाचतच नाहीत. माझी गाडी फिरतेच कुठे, असे म्हणतात. वस्तुतः घरापासून बाजारापर्यंत आणि बाजारातून घरी, एवढीच दोन किलोमीटर फिरणारी गाडी तेलाला अधिक जाच देते. इंजिन पुरते तापत नाही, त्यामुळे आत धरलेले पाणी व कच्चे पेट्रोल उडून जात नाही, ते तेलात साचत राहते. त्या मानाने बैहरचा घाट चढून जाणाऱ्या गाडीचे तेल बरे राहते. भरवेलीकडच्या धुळीच्या रस्त्यावर नित्य जाणाऱ्यांनी मात्र मुदतीच्या आतच बदलावे, आणि हवेच्या फिल्टरकडेही लक्ष द्यावे.

तेल काळे झाले म्हणजे ते नासले, हाही एक गैरसमज. काजळी आपल्यात धरून ठेवणारी द्रव्ये तेलात मुद्दाम घातलेली असतात. ती आपले काम करतात म्हणून तेल काळे दिसते. डिझेल गाडीत तर नवे तेल थोडक्याच दिवसांत काळे पडते. घाबरायचे ते काळ्याला नव्हे. तेल दुधी, चहासारखे दिसले तर समजावे की आत पाणी शिरले आहे. अशा वेळी घरी काही करू नये. गाडी मिस्त्रीकडे न्यावी.

डब्यावरच्या आकड्यांविषयी एवढेच, की ‘२० डब्ल्यू ५०’ किंवा ‘५ डब्ल्यू ३०’ यातला डब्ल्यू हा थंडीचा आहे, वजनाचा नव्हे. पहिला आकडा गार इंजिनात तेल किती सहज वाहते ते सांगतो, दुसरा तापलेल्या इंजिनात ते किती दाट राहते ते. आपल्याकडे उन्हाळा कडक, तेव्हा जितके दाट तितके चांगले, असा सल्ला देणारे भेटतात. नव्या इंजिनांतील फटी बारीक असतात. त्यांना पुस्तिकेत लिहिलेलेच तेल घालावे. दुकानदाराच्या ऐकण्यात येऊ नये.

आता प्रत्यक्ष कामाकडे वळू. गाडी सपाट, टणक जागी उभी करावी. ओल्या मातीवर किंवा उतारावर नव्हे. इंजिन चार-पाच मिनिटे चालवून बंद करावे, म्हणजे तेल कोमट होऊन पूर्ण निघते. फार तापले असेल तर हात भाजतो. हँडब्रेक ओढावा, गिअर टाकावा, आणि जमिनीवर राहणाऱ्या चाकांना दोन्ही बाजूंनी लाकडाची उटी लावावी. उंच गाडीखाली न उचलताच हात पोचतो. तिथे उचलण्याच्या फंदात पडूच नये. लहान गाडी उचलावी लागते, आणि इथेच माणसे जिवाला मुकतात. गाडीबरोबर येणारा जॅक हा चाक बदलण्यापुरता असतो. आमच्या मोहल्ल्यातले एक वयोवृद्ध मिस्त्री चाचा मला म्हणाले होते, “मास्टरसाहेब, जॅक गाडी उचलण्यासाठी आहे, धरून ठेवण्यासाठी नाही.” यापेक्षा नेमके मला सांगता येणार नाही. उचललेली गाडी दोन लोखंडी घोड्यांवर, पुस्तिकेत दाखवलेल्या जागीच टेकवावी आणि खाली जाण्यापूर्वी बाजूने जोर लावून हलवून पाहावी. विटा, दगड, सिमेंटचे ठोकळे यांवर मुळीच नाही. वीट तडकताना आधी सूचना देत नाही. घोड्या नसतील तर गॅरेजातून घटकाभर मागून आणाव्यात, नाहीतर ते काम गॅरेजातच करून घ्यावे. त्यात कमीपणा कसला? लहान मुलांना त्या वेळी अंगणात येऊ देऊ नये, आणि एक मोठे माणूस जवळ असावे.

खाली शिरल्यावर कोणता नट उघडतो आहोत ते दोनदा पाहावे. कित्येक गाड्यांत गिअरबॉक्सचाही तसाच नट जवळच असतो. इंजिनाचे ऑईल काढले समजून गिअरचे रिकामे करायचे, आणि मग इंजिनात जुन्यावर नवे ओतायचे, असे घडलेले ऐकले आहे. वरचे झाकण आधी सैल करून ठेवावे. खाली पसरट परात किंवा कापलेला डबा ठेवून नट योग्य मापाच्या पान्याने सोडवावा आणि शेवटचे आटे हाताने फिरवावेत. तेल आधी लांबवर उडते, मग धार बारीक होत सरळ खाली येते. परात त्याप्रमाणे सरकवावी. हातात रबरी मोजे असावेत. जुने ऑईल कातडीला सतत लागत राहिल्याने प्रयोगशाळेतील प्राण्यांना त्वचेचा कर्करोग झाल्याचे आढळले आहे. गॅरेजात काम करणाऱ्या पोरांच्या कोपरापर्यंत काळ्या झालेल्या हातांकडे पाहून मला हे नेहमी आठवते.

धार थांबली की नटाला नवा वॉशर घालून तो बसवावा. घट्ट, पण अंगातला सगळा जोर लावून नव्हे. पुष्कळ गाड्यांत तेलाचे भांडे अल्युमिनियमचे असते. त्याचे आटे गेले की शंभर रुपयांच्या बचतीचा काही हजारांचा खर्च होतो.

मग फिल्टर. हातात मावणाऱ्या डब्यासारखा असतो, आत घड्या घातलेला कागद. तो काढल्यावर त्याची जुनी रबरी चकती त्याच्याबरोबर आली की इंजिनालाच चिकटून राहिली, हे बोट फिरवून पाहावे. जुनीवर नवी बसली तर तिथून तेल जोराने बाहेर पडते आणि रस्त्यात इंजिन कोरडे होते. नव्या फिल्टरच्या रबराला बोटाने नवे तेल लावावे, फिल्टर हाताने फिरवीत न्यावा, रबर टेकले की आणखी पाऊण फेरा द्यावा. नेमके किती ते फिल्टरवरच छापलेले असते. पाना फक्त काढण्यासाठी, बसवताना नाही.

गाडी खाली घेऊन मग तेल घालावे. लहान गाड्यांत ते तीन लिटरच्या आसपास लागते. खरा आकडा पुस्तिकेत पाहावा. आधी थोडे कमीच घालावे. इंजिन चालू करावे. तेलाचा लाल दिवा काही सेकंदांत विझला पाहिजे. न विझल्यास लगेच बंद करावे. मिनिटभर चालू ठेवून खाली वाकून गळती पाहावी, बंद करून पाच मिनिटे थांबावे, आणि मग डिपस्टिक पुसून, घालून, काढून पाहावी. दोन खुणांच्या मध्ये, वरच्या खुणेजवळ तेल असावे. वरच्या खुणेच्याही वर भरणे हे औदार्य इंजिनाला मानवत नाही. आतला फिरता दांडा ते घुसळतो, फेस होतो, आणि फेसाने वंगण होत नाही.

हात धुऊन झाले, गाडी चालू झाली, आता परातीत तीन लिटर काळे ऑईल उरले. इथे बहुतेकांचे काम संपते आणि माझ्या मते इथेच खरे सुरू होते. कोणी ते नालीत सोडतो, कोणी डासांसाठी डबक्यावर ओततो, कोणी वाळवी लागू नये म्हणून कुंपणाच्या खांबांना फासतो, कोणी सेंट्रिंगच्या फळ्यांना. काटकसरीची सवय असलेल्या समाजात काही वाया जाऊ नये ही भावना स्वाभाविक आहे आणि तिचा मी उपहास करीत नाही. पण या तेलात इंजिनाच्या झिजेची धातूची पूड आणि जळणातून आलेली विषारी द्रव्ये असतात. खांबाला फासलेले पहिल्या दोन पावसांत जमिनीत उतरते. एका गाडीच्या एका वेळच्या जुन्या ऑईलने सुमारे ३८ लाख लिटर गोडे पाणी बिघडू शकते, असा अमेरिकेच्या पर्यावरण खात्याचा हिशोब आहे. ते पन्नास माणसांचे वर्षाचे पाणी.

आपल्या गावाला हे विशेष लागू आहे. शिवनी जिल्ह्यात उगम पावलेली वैनगंगा आपल्या काठाने पुढे गोंदिया, भंडारा, पवनी, गडचिरोली करीत जाते आणि वर्धेला मिळून प्राणहिता होते. या सभागृहात असे घर क्वचितच असेल, ज्याची मुलगी, बहीण किंवा मावशी त्या बाजूला नांदत नाही. आपल्या नालीत सोडलेले ऑईल दिसेनासे होते ते आपल्यापुरते.

कायद्याचेही आता लक्ष आहे. २०१६ च्या नियमांप्रमाणे वापरलेले ऑईल हा घातक कचरा ठरतो. १ एप्रिल २०२४ पासून तर वंगण तेल बनवणाऱ्या व आयात करणाऱ्या कंपन्यांवर ते परत शुद्धीकरणाला पोचवण्याची जबाबदारी टाकली आहे. असे तेल उकळून, पाणी व मळ वेगळा काढून त्याचे पुन्हा चांगले तेल होते. म्हणजे ते वाया जात नाहीच.

करायचे एवढेच, की काळे ऑईल नरसाळ्याने एका झाकणाच्या डब्यात भरावे. खाण्याच्या तेलाच्या डब्यात भरले तर वर मोठ्या अक्षरांत लिहावे, कारण स्वयंपाकघर जवळच असते. त्यात पाणी, रॉकेल, थिनर मिसळू नये. फिल्टर उपडा करून रात्रभर निथळू द्यावा आणि तोही सोबत न्यावा. ज्या गॅरेजात जुन्या ऑईलचे पिंप असते आणि जे ते परवानाधारक संग्राहकाला देतात, त्यांच्याकडे द्यावे. कोणाला विकता, हे विचारायला संकोच करू नये. चिंध्याही चुलीत टाकू नयेत. नव्या तेलाचा रिकामा डबा भंगारवाल्याला देण्यापूर्वी त्याला खिळ्याने भोक पाडावे, नाहीतर त्याच डब्यात गाळलेले काळे तेल भरून ते पुन्हा आपल्यालाच नव्याच्या भावाने मिळण्याचा संभव असतो.

तारीख आणि किलोमीटर एका चिठ्ठीवर लिहून बॉनेटच्या आतल्या बाजूला चिकटवावेत. बिले पुस्तिकेत ठेवावीत. नवी गाडी हमीच्या मुदतीत असेल तर घरी काही करण्यापूर्वी हमीच्या अटी वाचाव्यात. ज्यांना हे सर्व एकदा डोळ्यांनी पाहायचे असेल त्यांनी सभेनंतर मला भेटावे. लोखंडी घोड्यांची एक जोडी माझ्याकडे आहे, ती कोणीही मागून न्यावी. फक्त परत आणताना पुसून आणावी.