वर्षभर पाहिलेलं



यंदा मी पुष्कळ चित्रपट पाहिले.
काही मालिकाही पाहिल्या. त्यातल्या बऱ्याचशा विसरले.

मनात राहिला तो ‘कोर्ट’.
चैतन्य ताम्हाणे यांचा चित्रपट.

एका वृद्ध लोकशाहिरावर खटला चालतो.
तारखेमागून तारीख पडते.
कॅमेरा बहुतेक वेळा एका जागी थांबतो.
आपणही थांबतो... आणि माणसं दिसू लागतात.

कोर्टात कठोर बोलणाऱ्या सरकारी वकीलबाई,
घरी स्वयंपाक करताना दिसतात.
ही भूमिका गीतांजली कुलकर्णी यांची.

लोकशाहीर झालेत वीरा साथीदार.
ते प्रत्यक्षातही चळवळीतले कार्यकर्ते होते.
त्यांच्या आवाजातली धग खरी वाटते.

श्रोतेहो, असा चित्रपट घाईनं पाहू नका.
सावकाश पाहा.
मोबाइल बाजूला ठेवा, आणि शेवटपर्यंत पाहा.