चक्रीवादळ आणि घर सोडण्याची घटका

(धर्मग्रामाच्या महोत्सवानिमित्त भरलेल्या सभेत केलेले भाषण)



महोत्सवाच्या प्रसंगी धर्मगुरूने चर्चचा इतिहास सांगावा, दिवंगतांचे स्मरण करावे आणि हयातांचे आभार मानावे, अशी रीत आहे. तो सर्व मजकूर ह्या पुस्तिकेत इतरांनी माझ्यापेक्षा चांगला लिहिला आहे. ह्यास्तव मी आज निराळाच विषय घेतो. मला आपल्याशी वाऱ्याविषयी आणि घर सोडून जाण्याविषयी बोलावयाचे आहे.

समुद्रापासून शेकडो किलोमीटर दूर, ह्या काळ्या मातीच्या जिल्ह्यात राहणाऱ्या मंडळींना चक्रीवादळाचे काय, असा प्रश्न आपल्यापैकी काहींच्या मनात खचित येईल. आपल्याकडे वादळ म्हणजे वैशाखातील वावटळ, पत्र्यावर ठेवलेले दगड आणि फार झाले तर गारपीट. परंतु ४ जून २०२० ची पहाट आपण आठवावी. आभाळ भरून आले होते व पाऊस पडत होता. मृगाच्या आधीच सरी आल्या म्हणून कित्येकांनी समाधान मानले. तो पाऊस मृगाचा नव्हता. आदल्या दिवशी दुपारी रायगड जिल्ह्याच्या किनाऱ्यावर जे ‘निसर्ग’ नावाचे चक्रीवादळ आदळले, तेच रात्रभर प्रवास करीत, क्षीण होत होत, पहाटे पश्चिम विदर्भावर, अकोल्याच्या पश्चिमेस म्हणजे आपल्याच मुलखाच्या आसपास येऊन पोहोचले होते. किनाऱ्यापासून येथवर सरळ रेषेत चारशेहून अधिक किलोमीटर भरतात.

चक्रीवादळ उष्ण समुद्राच्या पाण्यावर जगते. पाण्याची वाफ वर जाते, तिचे ढग होतात, त्या क्रियेत जी उष्णता मोकळी होते तीच वादळाची शिदोरी. भूमीवर आले की ही शिदोरी संपते आणि सह्याद्रीच्या डोंगरांशी झटता झटता त्याचा जोर ओसरतो. म्हणून किनाऱ्यावर ज्या वाऱ्याचा वेग ताशी १०० ते १२० किलोमीटर होता, त्याचा आपल्याकडे केवळ पाऊस झाला. वादळाचे हे नाव बांगलादेशाने सुचविले होते. बंगालीत आणि मराठीत शब्द एकच, अर्थही एकच. परंतु कोकणातील लोकांना तो शब्द शाळेच्या निबंधाखेरीज अन्य प्रसंगी पुन्हा गोड वाटेल किंवा कसे, ह्याची मला शंका आहे.

त्या पहाटे आपल्या जिल्ह्यातील एका रुग्णालयात एक परिचारिका रात्रपाळी करीत होती. तिचे माहेर श्रीवर्धन तालुक्यात, समुद्रालगतच्या एका गावी. नाव सांगत नाही. तिची तशी इच्छा आहे. आदल्या दिवशी सकाळी तिचे भावाशी बोलणे झाले होते. दुपारपासून दूरध्वनी लागेना. दुसऱ्या दिवशी लागेना, तिसऱ्या दिवशीही लागेना. करोनाच्या साथीमुळे प्रवासास बंदी, रुग्णालयातून सुटी मिळण्याचा प्रश्नच नाही. बाहेर पाऊस पडत होता आणि तो कोठून आला आहे हे तिला ठाऊक होते. पाचव्या दिवशी सायंकाळी, कोणा परक्या माणसाच्या दूरध्वनीवरून, भावाचे चार शब्द आले. पुढे त्याच वर्षी पावसाळा सरल्यावर मी तिकडे गेलो आणि त्या घरच्या मंडळींकडून सर्व हकिकत ऐकिली. आज ती आपणांस सांगतो.

घर मंगळुरी कौलांचे. पुढे ओटी, मागे गोठा, आणि परसात नारळी-पोफळीची वाडी. कुटुंबात भाऊ, वहिनी, दोन मुले आणि ऐंशीच्या घरातील आजी. २ जून रोजी सायंकाळी गावात दवंडी फिरली. सरपंच, तलाठी व पोलीसपाटील घरोघर सांगत आले की किनाऱ्यालगतच्या घरांनी उद्या सकाळी शाळेत जावे. मासेमारी आधीच बंद झाली होती, त्यामुळे होड्या बहुतेक वर ओढलेल्या होत्या. ही एक गोष्ट खचितच दैवाची म्हणावयाची. शाळेत जावयाचे म्हणजे पन्नास माणसांत जावयाचे, आणि तीन महिने तर सरकार सांगत होते की दोन माणसांनी जवळ बसू नये. वहिनी म्हणाली, “वाऱ्याने मरायचे की आजाराने, हे तरी कोणी सांगा.” हा प्रश्न थट्टेवारी नेण्याजोगा नव्हता. अखेर तोंडास फडकी बांधून, प्रत्येक कुटुंबाने वर्गाचा एकेक कोपरा धरून, तो जेमतेम सोडविला गेला.

त्याहून कठीण प्रश्न आजीचा होता. आजी म्हणाली, “मी काही ह्या उंबरठ्याबाहेर पाय ठेवायची नाही. फयान पाहिले मी. काय झाले? चार कौले गेली.” हे तिचे म्हणणे खरे होते. ११ नोव्हेंबर २००९ रोजी फयान वादळ अलिबाग व मुंबई यांच्या दरम्यान किनाऱ्यावर आले, तेव्हा ह्या घराचे फारसे काही गेले नव्हते. बंधुभगिनींनो, वृद्ध माणसे घर का सोडीत नाहीत ह्याविषयी आपण त्यांच्या हट्टाला दोष देऊन मोकळे होतो; पण त्या हट्टाच्या मुळाशी पुष्कळदा अनुभवच असतो, आणि मागल्या वादळाच्या अनुभवावरून पुढल्या वादळाचे माप काढता येत नाही, एवढेच त्यात उणे असते. मुलाने समजाविले, नातवंडे रडली, तलाठ्याने कायद्याचे भय घातले. काही चालेना. तेव्हा भावाने डोक्यावरचे बोचके खाली ठेविले आणि तो ओटीवर आजीच्या शेजारी मांडी घालून बसला. म्हणाला, “तू नाहीस तर आम्हीही नाही. पोरांनाही इथेच बसवतो.” आजी थोडा वेळ गप्प राहिली, मग उठली आणि म्हणाली, “माझी पानाची चंची घे.”

बरोबर काय घेतले हे मी मुद्दाम विचारले. शिधापत्रिका, सातबाऱ्याचे उतारे, आजीची रक्तदाबाची औषधे, भाताचे पातेले, कंदील. काड्यापेटी राहिली. पाण्याची एकच कळशी नेली. आणि गाईचे दावे सोडले. दावे सोडावे हे त्यांना कोणी सांगितले नव्हते, भावाला आपणच सुचले. वासे कोसळले तरी ती निघून जाईल, असा त्याचा विचार. गाय वाचली. शेजारच्या गोठ्यातली वाचली नाही.

३ जूनला बारा वाजण्याच्या सुमारास वारा डोंगराच्या बाजूने सुटला. शाळेच्या खिडक्यांस बाके लावून माणसे भिंतीशी बसली होती. वहिनी सांगत होती की आवाज वाऱ्याचा असा वाटतच नव्हता, डोक्यावरून आगगाडी जात आहे आणि ती संपतच नाही, असे वाटे. मग एकाएकी सारे शांत झाले. काही पुरुष उठले; घर पाहून येतो, म्हणाले. त्यांना एका म्हाताऱ्या कोळ्याने दारात आडवे होऊन रोखिले. त्याचे करणे शास्त्रास धरून होते. चक्रीवादळाच्या मध्यभागी वारा पडलेला असतो. तो मध्य माथ्यावरून सरला की वारा उलट दिशेने आणि तितक्याच जोराने येतो. तसेच झाले. घटकाभराने समुद्राच्या बाजूने वारा आला, आणि आधीच्या वाऱ्याने एका अंगास वाकलेल्या पोफळी दुसऱ्या अंगास ओढल्या जाऊन मोडल्या. त्या शांत वेळात बाहेर पडलेले चौघे-पाचजण तरी वाटेत सापडले असते.

सायंकाळी मंडळी परतली तेव्हा वाट ओळखू येईना. रस्त्यावर झाडे, विजेचे खांब, तारा. घराचे आढे उभे होते. कौले जवळजवळ सर्व गेली होती. परसातला जुना आंबा ओटीवर आडवा पडला होता, आणि जेथे आदल्या सकाळी आजी व भाऊ बसले होते ती जागा त्याच्या बुंध्याखाली होती. आजीने तो पाहिला. त्याविषयी ती काही बोलली नाही. मुलांना म्हणाली, “कैऱ्या वेचा, लोणच्याला होतील.”

ह्या वादळात महाराष्ट्रात सहा जणांचे प्राण गेले. हा आकडा लहान नाही. ज्यांच्या घरचे गेले त्यांना तर नाहीच. परंतु महाराष्ट्र व गुजरात मिळून सुमारे १ लाख माणसे आधी हलविली नसती, तर तो किती झाला असता, ह्याची कल्पना ओरिसावरून करता येते. तेथे ऑक्टोबर १९९९ च्या महावादळात सुमारे १०,००० माणसे मेली. पुढे आश्रयगृहे बांधली गेली, वाड्यावाड्यांतून माणसे शिकविली गेली, आणि ऑक्टोबर २०१३ मध्ये फायलीन हे तसेच प्रचंड वादळ आले तेव्हा जवळजवळ दहा लाख माणसे आधीच हलविण्यात आली. मृत्यू पन्नासाच्या आतच राहिले. उलट मे २०२१ मध्ये तौक्ते वादळाच्या वेळी मुंबईसमोरील समुद्रात पी-३०५ नावाचा तराफा जागीच राहिला आणि त्यावरील साठांहून अधिक कामगार बुडाले. सूचना तेथेही पोहोचली होती.

प्राण वाचले; पण पुढचे हाल ह्याहून लांबले. वीज काही गावांत महिनाभर आली नाही. वीज नाही म्हणून पंप नाही, पंप नाही म्हणून पाणी नाही; रहाट तर केव्हाच मोडीत गेलेले. घरच्या बायकांनी दोर शोधून विहिरीतून पाणी शेंदले. आठवडा-दीड आठवड्यात खरा पावसाळा लागला, आणि कौले मिळेनात. ताडपत्रीचे भाव ऐकून माणसे परत फिरत. कुटुंब सव्वा महिना गोठ्यात राहिले, कारण गोठ्यावर पत्रे होते व त्यांतले चार शाबूत होते.

आता भरपाईचे ऐका. हा भाग रुक्ष आहे, पण आपण सर्व सातबाऱ्याचे धनी असल्यामुळे आपणांस तो समजेल. सरकारने फळबागांसाठी हेक्टरी ५०,००० रुपये जाहीर केले. आधीच्या दराहून हे अधिक होते, हे कबूल केले पाहिजे. परंतु हेक्टराचे माप आपल्या कपाशीला व सोयाबीनला शोभते. कोकणातली वाडी गुंठ्यांत मोजतात. हिशेब केला तर गुंठ्याला सुमारे ५०० रुपये होतात, आणि पडलेली झाडे तोडून बाहेर काढण्याची मजुरीही तेवढ्यात निघत नाही. ओरड झाल्यावर पुढे नारळाच्या झाडास २५० व पोफळीस ५० रुपये असा झाडागणिक दर ठरला. पोफळ लावल्यापासून सुपारी धरावयास सहा-सात वर्षे तरी लागतात. आणि ह्या कुटुंबाच्या उताऱ्यावर तर अकरा नावे होती. चुलत्यांपैकी कोणी मुंबईत, कोणी बडोद्यास. अकरा संमतिपत्रे गोळा होईपर्यंत वर्ष उलटले. आपल्यापैकी ज्यांच्या उताऱ्यांवर अद्याप आजोबांचे नाव आहे, त्यांनी तलाठ्याकडे जावयास वादळाची वाट पाहू नये.

मदत पुष्कळ आली. त्यात जुन्या कपड्यांचे ढीग होते. मी एका शाळेच्या पडवीत ते नोव्हेंबरातही पडलेले पाहिले: भिजलेले, कुजलेले, एका बाजूस लग्नातला एक कोट. ज्या मंडळींनी पत्रे, खिळे, मेणबत्त्या आणि झाडे कापावयाची करवत आणिली, त्यांची आठवण गाव अजून काढते. एक तुकडी करवत घेऊन आली व तीन दिवस वाड्या मोकळ्या करीत राहिली. त्यांनी कोणाचे छायाचित्र काढले नाही, असे वहिनीने विशेष सांगितले.

आता आपल्याकडे वळतो. २२ जुलै २०२३ रोजी संग्रामपूर व जळगाव जामोद तालुक्यांत सातपुड्याच्या नाल्यांनी जो पूर आणिला, तो घाटाखालच्या कित्येकांनी पाहिला आहे. घरांत पाणी शिरले, रस्ते तुटले, पिकांसकट जमीन खरडून गेली. चक्रीवादळ दोन दिवस आधी वर्दी देते. सातपुड्यावर कोसळलेला पाऊस तेवढा अवकाश देत नाही. तेव्हा कोकणात ज्या गोष्टी दवंडीनंतर ठरविता आल्या, त्या आपण कोरड्या दिवसांत ठरविल्या पाहिजेत. कोणाच्या घरी अंथरुणाला खिळलेले माणूस आहे? त्याला कोण उचलील? गावात उंचावरची पक्की इमारत कोणती, आणि तिची किल्ली रात्री कोणाजवळ असते? शेवटचा प्रश्न मी गेल्या महिन्यात तीन गावांत विचारिला. दोन गावांत कोणालाही सांगता आले नाही. गुरे बांधलेली असतात, त्यांचे दावे कोण सोडील, हेही ठरवावे.

चर्चच्या ओसरीवर आजपासून एक वही ठेविली आहे. घाटाखालच्या प्रत्येक वस्तीसाठी तीत एक पान आहे. वृद्ध, आजारी व गरोदर स्त्रिया यांची नावे आणि त्यांना नेणाऱ्या दोघांची नावे त्यात लिहावयाची आहेत. केवळ आपल्याच लोकांची नव्हे, वस्तीत जे कोणी असतील त्या सर्वांची. ज्यांना लिहिता येत नाही त्यांनी तरुण मंडळास सांगावे. पहिले पान त्या परिचारिकेने रात्रपाळीवरून येऊन आज सकाळीच भरले आहे. उरलेली पाने मृग लागण्यापूर्वी भरावयाची आहेत.