समुद्राच्या तळाशी एकटे यान

(किनारपट्टीवरील एका तालुक्यात शिक्षक व ग्रामपंचायत सदस्यांच्या मेळाव्यात केलेले भाषण)



यंत्रविद्येवर आपल्यापुढे बोलण्याचा अधिकार मला कितपत आहे, याविषयी मी स्वतःच साशंक आहे. मी कला शाखेचा पदवीधर. मराठी आणि इतिहास हे माझे विषय. परंतु माझी भाची सॉफ्टवेअर अभियंता आहे आणि समुद्राखाली कोणाच्याही मदतीवाचून चालणाऱ्या यानांसाठी ती संगणकाच्या आज्ञावली लिहिते. सुटीत ती घरी आली की मी प्रश्न विचारीत बसतो. त्या प्रश्नोत्तरांतून जे पदरी पडले, ते आपल्यापुढे ठेवीत आहे.

प्रथम एका दुःखद घटनेची आठवण करून देतो. २२ जुलै २०१६ रोजी हवाई दलाचे एएन-३२ जातीचे विमान चेन्नईजवळील तांबरम तळावरून पोर्ट ब्लेअरकडे निघाले. त्यात २९ जण होते. बंगालच्या उपसागरावर असताना त्याचा संपर्क तुटला. जहाजांनी आणि विमानांनी दूरवर शोध घेतला. पण विमानाचा अवशेषही हाती लागला नाही. पुढे साडेसात वर्षे त्या २९ घरांना विमानाचा ठावठिकाणा कळल्यावाचून दिवस काढावे लागले. १२ जानेवारी २०२४ रोजी संरक्षण मंत्रालयाने जाहीर केले की, चेन्नईच्या राष्ट्रीय सागर तंत्रज्ञान संस्थेने त्या भागात सोडलेल्या एका स्वयंचलित यानाने, चेन्नईच्या किनाऱ्यापासून सुमारे १४० सागरी मैलांवर, ३,४०० मीटर खोलीवर विमानाच्या अवशेषांची छायाचित्रे टिपली आहेत. आपल्या कोळी बांधवांच्या मापाने ही खोली अठराशे वावांहून अधिक भरते. तेथे सूर्यप्रकाश नाही, आणि प्रत्येक चौरस सेंटिमीटरवर सुमारे साडेतीनशे किलो भार असतो.

आता कोणी म्हणेल, यानाला दोरखंड बांधावा, तारेतून हुकूम सोडावेत आणि वरून पाहत राहावे. अशी तारेची यानेही असतात व उपयोगी पडतात. परंतु हजारो मीटर तार ओढीत विस्तीर्ण तळ धुंडाळणे फार संथ आणि खर्चाचे काम. मग बिनतारी संदेश का पाठवू नये? तर खाऱ्या पाण्यात रेडिओलहरी अल्प अंतरातच विरून जातात. आपल्या मोबाइलला रस्ता दाखविणारी उपग्रहांची खूणही पाण्याखाली पोहोचत नाही. तेथे चालतो तो केवळ ध्वनी. समुद्राच्या पाण्यात ध्वनी सेकंदाला सुमारे १,५०० मीटर वेगाने जातो. म्हणजे ३,४०० मीटर खोलीवरील यानाला विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर यायला साडेचार सेकंद लागतात, आणि तेही मोजक्या अक्षरांत. बोलता बोलता वाट दाखवावी, अशी सोयच नाही. यान एकदा पाण्याखाली गेले की पुढचे सर्व निर्णय त्याचे त्याने घ्यावयाचे. आणि ते निर्णय कसे घ्यावेत, हे कोणीतरी आधी, जमिनीवर, टेबलाशी बसून लिहून ठेवलेले असते. माझी भाची करते ते हेच काम होय.

यातील सर्वांत कठीण प्रश्न अगदी साधा आहे : मी कोठे आहे? जुना तांडेल किनारा दिसेनासा झाल्यावर काय करी? होकायंत्र पाही, गलबताचा वेग अजमावी, किती घटका लोटल्या ते मोजी आणि मनाशी ठरवी की आपण अमुक ठिकाणी असावे. यानही तेच करते. दिशा सांगणारी उपकरणे त्याच्या पोटात असतात. तळाकडे ध्वनीचे झोत सोडून, परत येणाऱ्या प्रतिध्वनीच्या पट्टीतील बदलावरून ते आपला वेग काढते. पाण्याच्या दाबावरून खोली कळते. पण प्रत्येक मापात थोडी चूक असते आणि ती साठत जाते. अंतराच्या शंभरात एक एवढीच चूक धरली, तरी दहा किलोमीटर गेल्यावर यान स्वतःला जेथे समजते तेथून शंभर मीटर दूर असू शकते. म्हणून कोणत्या मापावर कोणत्या क्षणी किती विश्वास ठेवावयाचा, याचा सतत हिशेब करणारी एक गणिती रीत आज्ञावलीत घातलेली असते. रुडॉल्फ काल्मन यांनी ती १९६० साली मांडली. चार साक्षीदारांच्या जबानीतून निवाडा करणाऱ्या पंचांसारखी ती चालते, असे मी भाचीला म्हणालो. तिला उपमा पटली. मात्र पंचांना एवढी घाई नसते, असे ती म्हणाली. यानाला हा निवाडा सेकंदात कित्येकदा करावा लागतो.

तिच्या एका चुकीची गोष्ट शिक्षकांनी वर्गात अवश्य सांगावी. यानाच्या दोन भागांच्या आज्ञावली दोघांनी लिहिल्या होत्या. एकाने खाली जाणे धन मानले होते, दुसरीने, म्हणजे हिने, वर येणे धन मानले होते. दोन्ही आज्ञावली आपापल्या जागी निर्दोष होत्या. जोडल्यावर मात्र 'पाच मीटर खाली जा' या हुकमाला यानाचे उत्तर उलटे येऊ लागले. सुदैवाने हे संगणकावरील नकली समुद्रातच उघडकीस आले. धन आणि ऋण चिन्हांचा घोळ आपली मुले सहावी-सातवीत करतात व त्यांचे दोन गुण जातात. तोच घोळ खऱ्या समुद्रात झाला असता तर?

मी तिला विचारले, "अगं, यंत्राचा दांडा तुटला तर तो दिसतो. तुझी चूक कोठे दिसते?"

ती म्हणाली, "मामा, माझी चूक दिसतच नाही. यान परत आलं नाही, एवढंच दिसतं."

हे बोलणे नुसते बोलणे नव्हे. ब्रिटनच्या शास्त्रज्ञांचे ऑटोसब-२ हे यान फेब्रुवारी २००५ मध्ये अंटार्क्टिकातील फिम्बुल हिमस्तराखाली गेले आणि तेथेच कायमचे अडकले. एरवी अशा यानात संकटकाळासाठी एक तजवीज असते. पाणी आत शिरले, विद्युतघट उतरला, ठरलेली खोली वा वेळ ओलांडली, किंवा मुख्य संगणकच गप्प झाला, की यान पोटाशी बांधलेले वजन सोडून देते आणि हलके होऊन वर येते. डोक्यावर शेकडो मीटर बर्फ असता वर येऊन उपयोग काय? तेथे 'काही बिघडले तर वर ये' हा नियमच घातक. 'आल्या वाटेने मागे फीर' असे लिहावे लागते. पुढच्या पिढीच्या ऑटोसब-३ ने २००९ साली पाइन आयलंड हिमनदीखाली सहा फेऱ्या केल्या आणि त्या बर्फाखाली समुद्रतळावर एक उंच कणा असल्याचे दाखवून दिले. ती हिमनदी कशी वितळत गेली, हे समजण्यास या शोधाची मोठी मदत झाली. जगभरच्या समुद्राची पातळी अशाच हिमनद्यांवर अवलंबून असल्यामुळे आपल्या किनाऱ्यावरील गावांचाही त्याच्याशी संबंध पोहोचतो.

अशी याने केवळ परदेशांतच होतात असे नाही. गोव्यात दोना पावला येथे १९६६ साली स्थापन झालेली राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था आपणांस ठाऊक असेल. तेथील शास्त्रज्ञांनी लिस्बनच्या तंत्रविद्यापीठाच्या सहकार्याने 'माया' नावाचे छोटे यान तयार केले. वजन सुमारे ५५ किलो, लांबी दोन मीटरच्या आत, आणि २०० मीटरपर्यंत जाण्याची क्षमता. किनाऱ्यालगतच्या पाण्याची तपासणी करण्यास असेच यान हवे.

येथे कोकणवासीयांना चटकन समजेल अशी एक अडचण सांगतो. समुद्राचे पाणी गोड्या पाण्यापेक्षा शेकडा अडीच भाग जड असते. समुद्रात जेमतेम तरंगेल असे तोललेले ५० किलोचे यान गोड्या पाण्यात सोडले, तर त्याला सुमारे सव्वा किलो वजन जास्त होते आणि ते बुडू लागते. पावसाळ्यात आपल्या खाडीत वर गोडे पाणी आणि खाली खारे, असे थर पडतात. यान एका थरातून दुसऱ्यात गेले की त्याचा तोल बदलतो, आणि आज्ञावलीने हे ओळखून पंखे व सुकाणू सावरावे लागते. खाडीत वाढलेल्या माणसाला हे पुस्तकावाचून कळते.

या नोकरीचे दिवस कसे जातात, असे कोणी विचारील. बहुतेक दिवस कार्यालयात, सी प्लस प्लस व पायथन या संगणकभाषांत लिहिण्यात आणि दुसऱ्याने लिहिलेले तपासण्यात. त्याहून अधिक वेळ मागील फेरीच्या नोंदी चाळण्यात. यान जे जे मोजते ते क्षणाक्षणाला टिपून ठेवते, आणि घड्याळे एकमेकांशी जुळली नाहीत तर त्या नोंदींचा अर्थच लागत नाही. मग हौद, मग तलाव, मग समुद्र. समुद्रावर बोट लागणे, ऊन, आणि ताटकळणे. आमच्या खात्यातही नोंदवह्या असतात. त्या इतक्या बारकाईने कोणी वाचल्याचे मात्र माझ्या पाहण्यात नाही.

सभेपूर्वी एका मुख्याध्यापकांनी मला विचारले की, मराठी शाळेतल्या मुलाला हे साधेल काय. भाची सातवीपर्यंत जिल्हा परिषदेच्या शाळेत होती, एवढे मी सांगू शकतो. त्रिकोणमिती, सदिश आणि संभाव्यता यांवाचून तिचा एक दिवस जात नाही. इंग्रजी तिने मागाहून कमावली. मुंबईच्या भारतीय तंत्रज्ञान संस्थेतील विद्यार्थी 'मत्स्य' नावाचे यान स्वतः बांधतात, आणि ते अमेरिकेत भरणाऱ्या रोबोसब स्पर्धेत उतरले आहे. सर्वच मुले तेथवर जाणार नाहीत. पण प्लॅस्टिकची बाटली, थोडे खडे आणि दोन बादल्या, एक गोड्या पाण्याची व एक मिठाच्या, एवढ्यावर तोलाचा प्रयोग कोणत्याही शाळेत होऊ शकतो.

परवा तिचा दूरध्वनी आला होता. यान पाण्यात सोडून चार तास झाले होते आणि ती बोटीच्या फळीवर बसून होती. मी विचारले, "काही कळलं का गं?" ती म्हणाली, "दर दहा मिनिटांनी एक ओळ येते, मामा. खोली, दिशा, विद्युतघट. आता ठेवते, पुढची ओळ येण्याची वेळ झाली."