एन.सी.सी. आणि आपली मुले
(पालक मेळाव्यातील भाषण)



‘परेडमुळे अभ्यास बुडतो’ म्हणून गेल्या वर्षी एका वडिलांनी मुलाचे नाव एन.सी.सी.तून काढले. मी गप्प राहिलो. ती चूक माझी. १९४८ च्या कायद्याने ही संघटना स्थापन झाली. १९४९ साली मुलींचा विभाग निघाला. ‘एकता आणि अनुशासन’ हे तिचे ब्रीद. भरती ऐच्छिक असते, पुढे सैन्यात जाण्याची सक्ती नसते. छावणीत सर्व धर्मांची मुले एका हुकुमावर पाऊल टाकतात. नमाजाची वेळ पाळणाऱ्या, खांद्याला खांदा लावून सफ सरळ करणाऱ्या मुलाला शिस्त परकी नाही. ती देशाच्या कामी लावायची, एवढेच. पालकहो, यंदा तो अर्ज सहीविना परत पाठवू नका.