पुढारी कोण?

(सुवर्णमहोत्सवप्रसंगीं केलेलें भाषण)



उत्सवाच्या तयारीच्या सभेंत स्मारकशिलेवर कोणाचें नांव प्रथम असावें, यावर दोन तास वाद झाला. मांडव झाडावयास मात्र दोघेच उरले. आम्ही मंडळीस बोल लावणार होतों. इतक्यांत आठवलें कीं, व्यासपीठावरील आपली खुर्ची मध्यभागीं आहे ना, हें आम्हींहि हळूच पाहून घेतलें होतें.

खरें पुढारीपण होडीवर पाहावें. तांडेल नाळेवर मिरवीत नाहीं. तो मागें सुकाणूजवळ बसतो, म्हणून सर्व खलाशी त्याच्या नजरेंत राहतात. प्रभूनें तर याहूनहि खालची जागा घेतली. शेवटच्या भोजनाच्या रात्रीं कमरेस रुमाल बांधून त्यानें शिष्यांचे पाय धुतले. यहूदासहि वगळलें नाहीं.

आपल्या वसईचे संत गोन्सालो गार्सिया हे धर्मगुरु नव्हते. फ्रान्सिस्कन संघाचे साधे बंधु होते. जपानी भाषा अवगत असल्यामुळें ते धर्मगुरूंचे दुभाषी झाले. दुसऱ्याचा शब्द पोहोंचविणें, हेंच त्यांचें काम. ५ फेब्रुवारी १५९७ रोजीं नागासाकी येथें त्यांनीं क्रुसावर प्राण अर्पिले. १८६२ मध्यें नववे पायस यांनीं त्यांस संत म्हणून घोषित केलें.

म्हणून विनंती इतकीच: शिलेवर आमचें नांव नको, धर्मग्रामाचें असावें. उत्सव आटोपतांच पहिली केरसुणी आम्ही उचलूं. ज्यांस पुढारी व्हावयाचें असेल, त्यांनीं दुसरी घ्यावी.

प्रभूची कृपा आपणां सर्वांवर असो.