कोणता धंदा बरा?



आपल्यात एक जुनी म्हण आहे. उत्तम शेती, मध्यम व्यापार, कनिष्ठ नोकरी. ती कितपत खरी, ते पाहू या.

शेतीत आपणच धनी. वर साहेब नाही. पण पाऊस रुसला, तर धन्याचे काय चालते? १९७२ च्या दुष्काळात जमीनवाल्यांनीसुद्धा सरकारी कामावर खडी फोडली.

दुकानदारालाही साहेब नाही. पण उधारी थकते, माल पडून राहतो. मग रात्री डोळ्याला डोळा लागत नाही.

गिरणीत पगार ठरलेला. पण तिथे मागांचा खडखडाट, रातपाळी, आणि छातीत जाणारा कापूस. १९८२ साली मुंबईत गिरण्यांचा मोठा संप झाला. सुमारे अडीच लाख कामगार त्यात होते. पुढे पुष्कळांची नोकरी गेली, ती गेलीच.

म्हणजे बघा, काटा सगळीकडे आहे. बिनकाट्याचा धंदा शोधून सापडायचा नाही. आपल्याला कोणता काटा सोसवेल, ते पाहावे. उगवते पीक पाहून ज्याचे मन भरते, त्याला ऊन सोसवते. ज्याला माणसे जोडता येतात, त्याला दुकान जमते.

मुलगा शहरात जातो म्हणाला, तर रागावू नका. पण नुसता पगार विचारून पाठवूही नका. ते काम करणाऱ्या माणसाला गाठा. त्याला दोन गोष्टी विचारा. या कामात त्रास कसला? आणि तरीही रोज जावेसे का वाटते?

दोन्ही उत्तरे मुलाला ऐकू द्या. मग त्यालाच ठरवू द्या.