लय परतली, बळ परतले काय?



हृदयाचे वरचे दोन कप्पे, म्हणजे अलिंद, रक्त स्वीकारतात आणि खालचे दोन, म्हणजे निलय, ते पुढे ढकलतात. ‘एट्रियल फिब्रिलेशन’ या विकारात अलिंदांचे आकुंचन होतच नाही. मिनिटाला ३५० ते ६०० विस्कळीत लहरींनी ते नुसते थरथरत राहतात. निलय भरताना अलिंदाचा जो अखेरचा रेटा मिळतो, त्याचा वाटा सुमारे २० ते ३० टक्के असतो. तोच हरपतो आणि जिना चढताना धाप लागते. शिवाय साचलेल्या रक्ताची गुठळी होऊ शकते. म्हणून अशा रुग्णांत पक्षाघाताचा धोका सुमारे पाचपट असतो.

१९८७ साली अमेरिकेतील सेंट लुईस येथे डॉ. जेम्स कॉक्स यांनी ‘मेझ’ शस्त्रक्रिया केली. छाती उघडून, हृदय थांबवून, अलिंदावर छेदांची अशी रचना केली, की भरकटणाऱ्या विद्युत्‌लहरींना एकच वाट उरावी. पुढे १९९८ साली फ्रान्समधील बोर्दो येथील संशोधकांनी दाखवून दिले, की या विकाराच्या बहुतेक ठिणग्या फुप्फुसशिरांच्या मुखाशी पडतात. त्यामुळे बरगड्यांमधील लहान छिद्रांतून, दुर्बिणीच्या साहाय्याने, धडधडत्या हृदयावरच त्या शिरांभोवती व्रणरेषा उमटविणे शक्य झाले. गुठळ्यांचे मुख्य आश्रयस्थान असलेले डाव्या अलिंदाचे उपांगही त्याच वेळी बंद करता येते.

प्रश्न असा, की लय परतली म्हणजे कार्यही परतले काय? उत्तर संयमाने दिले पाहिजे. लय सुधारल्यावरही अलिंद काही आठवडे बधिर राहतो. ईसीजी नियमित दिसतो, पण आकुंचन दुबळे असते. शिवाय व्रण झालेला भाग पुन्हा कधीच आकुंचन पावत नाही. अलिंद पूर्वीच फार ताणला गेला असेल, तर सुधारणा अपुरी राहते. याउलट, जलद व अनियमित ठोक्यांमुळेच निलय थकला असेल, तर तो लक्षणीय सावरू शकतो. २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या ‘कॅसल-एएफ’ अभ्यासात, हृदय दुर्बल झालेल्या रुग्णांपैकी कॅथेटरद्वारे उपचार झालेल्या गटात मृत्यू वा हृदयाची दुर्बलता बळावल्याने रुग्णालयात दाखल होण्याचे प्रमाण २८.५ टक्के, तर केवळ औषधे घेणाऱ्यांत ४४.६ टक्के होते.

शस्त्रक्रिया की कॅथेटर? २०१२ च्या ‘फास्ट’ चाचणीत वर्षभरानंतर शस्त्रक्रियेच्या गटातील ६५.६ टक्के रुग्ण विकारमुक्त होते, कॅथेटरच्या गटातील ३६.५ टक्के. मात्र शस्त्रक्रियेत गुंतागुंतही अधिक झाली. छिद्र लहान असले, तरी जोखीम लहान असतेच असे नाही.

म्हणून विनंती एवढीच. बरे वाटू लागले म्हणून रक्त पातळ करणारे औषध स्वतःच्या मनाने बंद करू नका. तो निर्णय वय, रक्तदाब, मधुमेह, पूर्वीचा पक्षाघात यांचा विचार करूनच व्हावयास हवा. ईसीजीबरोबर एकोची तपासणी ठरल्या वेळी करून घ्या. आणि घरातील ज्येष्ठांची नाडी अधूनमधून हाती धरून पाहा. ती अनियमित लागली, तर विलंब न करता वैद्यकीय सल्ला घ्या. अलिंद फार ताणला जाण्यापूर्वी केलेला उपचारच अधिक फळतो.